ज्येष्ठमधाच्या काढ्यासोबत गोळी घेतली तर जास्त लागू पडेल का?

प्रश्न: नमस्कार मॅडम, पुतणी बी.फार्मच्या लास्ट इयरला आहे, रिठा आणि ज्येष्ठमध वापरून पाण्यात न विरघळणारी औषधं विरघळवायची असा तिचा प्रोजेक्ट आहे. ती म्हणते कित्येक औषधं पोटात नीट विरघळतच नाहीत. मला बीपीची गोळी चालू आहे, शिवाय गजकर्णासाठी इट्राकोनाझोलची कॅप्सूल. दोन्ही ज्येष्ठमधाच्या काढ्यासोबत घेऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर: काका, नका घेऊ. बीपी असताना ज्येष्ठमधाचा काढा रोज तर अजिबातच नको, त्यातलं ग्लिसरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं आणि बीपी चढवतं, म्हणजे गोळीच्या बरोब्बर उलटं काम.

पण पुतणीचा विषय खरा आहे हां, आणि मला मनापासून आवडला. रिठ्यातल्या सॅपोनिनचं, म्हणजे फेस आणणाऱ्या घटकाचं, एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. पुरेसं सॅपोनिन असलं की ते कण एकत्र येऊन बारीक गोळे बनवतात, त्याला मायसेल म्हणतात, आणि पाण्याला न जुमानणारं औषध त्या गोळ्याच्या आत जाऊन बसतं. रिठ्याने केसांचा तेलकटपणा निघतो तो ह्याच कारणाने. ग्लिसरायझिन पण सॅपोनिनच. आता अडचण अशी की रिठ्याचं सॅपोनिन पोटात जळजळ करतं आणि रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फोडतं, म्हणून लॅबमध्ये विरघळलं म्हणजे औषध तयार झालं असं होत नाही.

प्रत्यक्षात जे वापरात आहे ते म्हणजे सोयाबीनचं लेसिथिन आणि स्टार्चपासून बनणारं सायक्लोडेक्स्ट्रिन, जे 1891 मध्ये व्हिलिएर्स नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला सापडलं. तुमचंच औषध बघा ना. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल पोटभर जेवून घ्यायची असते, पण त्याचंच पातळ औषध उपाशीपोटी, कारण त्यात सायक्लोडेक्स्ट्रिनने ते आधीच विरघळवलेलं असतं! कॅप्सूलला मात्र विरघळायला पोटातलं अ‍ॅसिड लागतं, त्यामुळे अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर कॅप्सूल कमी लागू पडते, हे डॉक्टरांना नक्की सांगा. आणि बीपीची गोळी अ‍ॅम्लोडिपिन असेल तर आजच फोन करा, इट्राकोनाझोलमुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं, पायावर सूज येऊ शकते.

काळी मिरी घालून बघू का असंही कोणीतरी सुचवेलच. मिरीतलं पिपेरिन औषध विरघळवत नाही, ते आतड्यात आणि लिव्हरमध्ये औषध मोडायचं काम मंद करतं, त्यामुळे डोस नकळत वाढू शकतो.

पुतणीला एवढं विचारा, तिचं द्रावण पोटातल्या पाण्याने पातळ झाल्यावर काय होतं? सॅपोनिन एका ठराविक प्रमाणाच्या खाली गेलं की मायसेल सुटतात आणि औषध परत गाळासारखं खाली बसू शकतं. पातळ करून तासा-तासाने किती विरघळलेलं राहतं ते मोजलं तर प्रोजेक्टला खरा दम येईल, परीक्षक पण बहुतेक हेच विचारतील.