‘आज रात्री बारापर्यंत पैसे भरा’ म्हणणारी इंटर्नशिप

दर शनिवारी दुपारी मी मुलांच्या शंका ऐकायला आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत बसते. यवतमाळ जिल्ह्यातला तालुका. आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं येतात, बहुतेक एकटीच. वडिलांना सोबत घेऊन येणारा मुलगा क्वचित, म्हणून तो एप्रिलमधला शनिवार लक्षात राहिला. मुलाचं नाव इथे बदललं आहे, ओळख पटेल असे काही तपशीलही. त्याला आपण शुभम म्हणू.

शुभम इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, इलेक्ट्रॉनिक्स शाखेत. बसल्याबसल्या त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. स्क्रीनवर रोबोटिक्सच्या इंटर्नशिपचं ‘ऑफर लेटर’ होतं. मुदत एक महिना, काम घरबसल्या, शेवटी सर्टिफिकेट. फी ५,९९९ रुपये, आणि ती आज रात्री बारापर्यंत भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार.

वडील दाराजवळच्या खुर्चीत टोपी हातात घेऊन बसले होते. ते म्हणाले, “मॅडम, मले यातलं काई समजत नाई. पण पोरगं चार रातीपासून झोपलं नाई. पैसे भरू म्हणता तं भरतो.”

हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून कितीतरी वेळा येतो. आम्ही खेड्यातले, आमच्या कॉलेजात कंपन्या येत नाहीत, पुण्यात कुणी ओळखीचं नाही. मग रोबोटिक्ससारख्या विषयात इंटर्नशिप मिळणार कशी? आणि मिळत नसेल, तर पैसे भरून कागद घ्यावा का? शुभमच्या निमित्ताने त्याचं उत्तर सविस्तर लिहिते आहे.

त्या दिवशी पहिलं काम होतं रात्रीच्या बाराची मुदत त्याच्या डोक्यातून काढणं. घड्याळ समोर असताना कोणाचाच विचार सरळ चालत नाही. मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. तुला रोज काम कोण देणार, त्या माणसाचं नाव काय? तू केलेलं काम कोण तपासणार? चुकलं तर कोण सांगणार? पत्र त्याने दोनदा वाचलं. सही होती, सहीखाली नाव नव्हतं. कामाच्या जागी ‘तीन प्रोजेक्ट व्हिडिओ पाहून पूर्ण करणे’ एवढंच होतं.

याबाबत माझं मत ठाम आहे. काम देणाराच पैसे मागायला लागला की ती इंटर्नशिप राहत नाही, तो क्लास होतो. क्लास लावायला हरकत नाही, पण मग त्याला क्लासच्याच काट्यावर तोलावं: शिकवतो कोण, शिकवतो किती, आणि तेच फुकट कुठे मिळतं का.

वडिलांनी त्यांच्या परीने हिशेब मांडला होताच. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे ही फी जवळजवळ ८० किलो कापसाची झाली, तीही हमीभाव हातात पडला तर. त्यांनी तो आकडा मला सांगितला तेव्हा शुभमने मान खाली घातली. चार रात्री जागण्याचं खरं कारण मला तिथे कळलं. इंटर्नशिप मिळेल का, यापेक्षा घरच्यांचे पैसे वाया जातील ही भीती मोठी होती. आणि नाही भरले तर आपण मागे पडू, ही त्याहून मोठी.

मी विचारलं, “आजवर तू स्वतः काय बनवलंस?”

“काहीच नाही मॅडम. कॉलेजात लाइन फॉलोअर, म्हणजे रेषेवरून चालणारा छोटा रोबोट केला होता, तोही ग्रुपमध्ये.”

तेवढ्यात वडील म्हणाले, “अन् त्या डुकराच्या भोंग्याचं सांग ना!”

शुभमला ते सांगायचंच नव्हतं. बऱ्याच आग्रहाने बोलता झाला. गेल्या रब्बीत हरभऱ्यात रानडुकरं शिरत होती. फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर त्याने एक भोंगा बसवला, सोबत हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर. पहिल्या रात्री भोंगा सारखा वाजत राहिला आणि शेजारचे शेतकरी भांडायला आले. हा सेन्सर प्राणी ओळखत नाही, समोरच्या उष्णतेतला बदल ओळखतो. वाऱ्याने धुऱ्यावरची तूर हलली की त्यालाही तो फसायचा. मग शुभमने काही अंतरावर दुसरा सेन्सर लावला आणि प्रोग्रॅममध्ये अट घातली की दोन्ही सेन्सर पाच सेकंदांच्या आत लागले तरच भोंगा वाजेल. खोटे इशारे बरेच कमी झाले. पूर्ण थांबले नाहीत, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं.

मी इंजिनिअर नाही. पण वीसेक वर्षं मुलांचं ऐकते आहे, आणि स्वतः भोगलेल्या अडचणीबद्दल बोलणारा मुलगा मला ओळखता येतो. लाइन फॉलोअरबद्दल तो दोन वाक्यं बोलला, भोंग्याबद्दल वीस मिनिटं. तरी त्याच्या बायोडाटात भोंगा नव्हता, कारण तो ‘शेतातला’ होता. आमच्या मुलांचं हे मला फार लागतं. अडचण ओळखणं, उपाय करणं, तो फसणं, पुन्हा करणं, हे सगळं त्यांनी केलेलं असतं, पण कॉलेजच्या भिंतीत झालं नाही म्हणून ते त्याला काम समजत नाहीत.

पैसे त्या रात्री भरले नाहीत. दुसऱ्या दिवशी ‘मुदत वाढवली आहे’ असा मेसेज आला. शुभमने तो मला पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

मग अर्जाकडे वळलो. त्याच्याजवळ इंटरनेटवरून उचललेलं पत्र होतं: मी अत्यंत मेहनती आहे, मला रोबोटिक्सची आवड आहे, कृपया संधी द्यावी. असलं पत्र कोण शेवटपर्यंत वाचेल? आम्ही ते टाकून दिलं आणि आठ ओळींचं नवीन लिहिलं. भोंगा काय करतो, पहिल्या रात्री काय बिघडलं, दोन सेन्सरची अट का घातली. सोबत चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आणि सर्किटचा हाताने काढलेला कागद. मी कोणत्या तारखेपासून किती आठवडे येऊ शकतो. वायरिंग, सोल्डरिंग, आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डचा प्रोग्रॅम येतो. पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) येत नाही, शिकायचं आहे. ही शेवटची ओळ त्याला नको होती. मी ठेवायला लावली. आपल्याला काय येत नाही हे सांगणाऱ्या मुलावर काम सोपवताना समोरच्याला धीर येतो.

इथे माझी चूक झाली. मी त्याला फक्त नागपूरकडे वळवलं. हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीतल्या चौदा ठिकाणी त्याने पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. दोन शनिवार तो आला नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाला, “मॅडम, पत्र चांगलं होतं, पण गाव तेच आहे ना.” त्याला आधीच टोचत असलेल्या जागीच मी बोट ठेवलं होतं. नुसत्या ईमेलला उत्तर न येणं नेहमीचंच आहे, मोठ्या कॉलेजच्या मुलांनाही येत नाही. हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं, आणि जवळचं एक दार आधी ठोठावायला हवं होतं. तेव्हापासून मी कोणत्याही मुलाला सगळी पत्रं दूरच्या शहरात पाठवू देत नाही. निम्मी ठिकाणं अशी हवीत, जिथे तो स्वतः जाऊन उभा राहू शकेल.

जवळचं दार म्हणजे रस्त्यावरची जिनिंग फॅक्टरी. तिच्या फाटकासमोरून शुभम रोज एसटीने जायचा. “मॅडम, तिथं कुठे रोबोटिक्स?” असं तो म्हणाला, आणि त्याचं चूक नव्हतं. जिनिंगमध्ये रोबोट नसतो. पण रोबोट ज्या गोष्टींचा बनतो त्या सगळ्या तिथे असतात: मोटर, गिअरबॉक्स, बेअरिंग, सेन्सर, कंट्रोल पॅनेल. डबल रोलर जिनमध्ये चामड्याच्या खरबरीत रोलरला कापसाचे धागे चिकटून स्थिर पट्टीखालून ओढले जातात, हलती पट्टी सरकीला ठोकून वेगळी करते, आणि रुई पुढे १७० किलोच्या गाठी बांधायला जाते. उन्हाळ्यात हंगाम संपलेला असतो, यंत्रं उघडून दुरुस्तीला काढतात. शिकायला याहून चांगला काळ नाही, कारण चालू यंत्राच्या पोटात कोणी बघू देत नाही.

वडील सोबत गेले. मालक त्यांना काट्यावर ओळखत होते. पोराला सहा आठवडे फिटरच्या हाताखाली ठेवायचं ठरलं. पगार नाही, एसटीचं भाडं आणि दुपारचं जेवण. बिनपगारी काम मला एरवी पटत नाही. पण शिकवणारा माणूस समोर असेल, मुदत ठरलेली असेल आणि त्या वेळात पगारी माणसाचं काम पोराकडून उरकून घेतलं जात नसेल, तर पहिल्या वेळेला मी हो म्हणते.

कॉलेजात अडकलं. प्रशिक्षण विभागाने ‘जिनिंग ही रोबोटिक्सची कंपनी नाही’ म्हणून परवानगी नाकारली. आम्ही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचं इंटर्नशिप धोरण छापून नेलं. त्यात पदवीच्या सगळ्या वर्षांत मिळून ६०० ते ७०० तासांची अपेक्षा आहे, आणि लघुउद्योगातलं काम, ग्रामीण इंटर्नशिप हेही त्यात बसतं. शुभमचे तिथले तास अडीचशेच्या घरात जाणार होते. विद्यापीठागणिक श्रेयांकांचे (क्रेडिटचे) नियम थोडे वेगळे असतात, म्हणून परवानगी कामाआधी लेखी घ्यावी, नंतर धावाधाव होते. त्याला ती चौथ्या चकरेला मिळाली.

पहिले तीन आठवडे त्याने ग्रीस भरलं, नट खोलले, रोलर उचलायला हात लावला. रोज संध्याकाळी नाराज. “फिटर काकांना माझ्या ब्रँचशी काही घेणं नाही,” म्हणायचा. मी त्याला एकच काम दिलं होतं, रोज वहीत एक ओळ लिहायची: आज काय गरम झालं, काय अडकलं, काय तुटलं. चौथ्या आठवड्यात वहीनेच त्याला विषय दिला. कापूस ओढणाऱ्या मोठ्या पंख्याचं बेअरिंग गरम होतंय का, हे फिटर हात लावून पाहायचे. रुईच्या शेडमध्ये तापलेलं बेअरिंग म्हणजे आगीला आमंत्रण. त्याने तापमानाचा छोटा सेन्सर बेअरिंगच्या बाहेरच्या आवरणावर बसवला, ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डला जोडला, ठराविक तापमानावर दिवा आणि भोंगा.

घरी टेबलावर ते छान चाललं. फॅक्टरीत कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) पडला की ईएसपी३२ आपोआप रिसेट व्हायचा. दोन दिवस तो प्रोग्रॅममध्ये चूक शोधत राहिला. शेवटी फिटर काका म्हणाले, “अबे, तुह्या डब्ब्याची वायर मोटरच्या वायरीसंगं काहून बांधली?” वायर वेगळ्या मार्गाने नेली, डब्याला स्वतंत्र वीजपुरवठा दिला, आणि रिसेट थांबलं. नंतर पंख्याच्या थरथरीने सोल्डरचा जोड तुटला, तेव्हा वायरला सैल वळण देऊन बांधायचं तो शिकला. ही दोन वाक्यं त्याच्या अहवालात आहेत, आणि माझ्या लेखी तो सगळा अहवाल या दोन वाक्यांत आहे.

रोबोटिक्स सुटलं नाही. पावसाळ्यात चार मित्रांची टीम करून त्याने ई-यंत्रच्या स्पर्धेत नाव दिलं. आयआयटी मुंबईचा हा उपक्रम २०१२ पासून ही स्पर्धा घेतो. सुरुवातीची कामं संगणकावरच्या आभासी रोबोटवर असतात, पुढच्या फेरीत पोहोचलेल्या टीमला किट घरपोच येतं, आणि शेवटपर्यंत जाणाऱ्यांना तिथल्या उन्हाळी इंटर्नशिपची संधी असते. यांची टीम किटपर्यंत पोहोचली नाही. पण त्या निमित्ताने उबंटू ही संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, रोबोटचे प्रोग्रॅम लिहायचं आरओएस आणि आभासी रोबोट चालवून बघायचं गझीबो हाताखालून गेलं. तिन्ही फुकट मिळतात, आणि व्हिडिओ पाहून सर्टिफिकेट देणाऱ्या त्या पत्रातही हेच शिकवायचं कबूल केलं होतं.

एक बाजूची गोष्ट. मुलींच्या आया येतात तेव्हा त्यांचा प्रश्न पैशाच्या आधी राहण्याचा असतो. त्यांना मी सांगते, जॉइन होण्याआधी एक दिवस तुम्ही स्वतः जाऊन जागा बघा, तिथे आणखी मुली कामाला आहेत का बघा, संध्याकाळी सुटल्यावरचा रस्ता चालून बघा. ‘मुलीला पाठवायचं की नाही’ हा प्रश्न घरात बसून सुटत नाही. पाहून आलेल्या आया बहुतेक वेळा हो म्हणतात.

आठव्या सत्रासाठी शुभमने पुन्हा अर्ज केले, या वेळी जिनिंगच्या मालकांची ओळख घेऊन प्रत्यक्ष जाऊन. हिंगण्याच्या एका छोट्या कंट्रोल पॅनेलच्या कारखान्यात मुलाखत झाली. रोबोटबद्दल कोणी विचारलं नाही. कॉन्टॅक्टर पडल्यावर डबा रिसेट का व्हायचा, एवढं विचारलं, आणि मग डुकराच्या भोंग्याला दोनच सेन्सर का, तीन का नाही. जानेवारीपासून चार महिने, महिन्याला ८,००० रुपये. खोली मावसभावासोबत.

सांगायला दोघंही आले होते. या वेळी वडील दाराजवळ नाही, टेबलाशी बसले. म्हणाले, “मॅडम, गणेशपेठच्या स्टँडवरून हिंगण्याले जाची सोय आहे ना जी?” मी सांगितलं, लोकमान्य नगरपर्यंत मेट्रो जाते, तिथून एमआयडीसी जवळ आहे. त्यांनी खिशातून कापसाच्या काट्याची पावती काढली, तिच्या मागे ‘लोकमान्य नगर’ लिहून घेतलं, आणि भाडं किती, ते शुभमला विचारायला लागले.