पहिला चष्मा: तुमचे प्रश्न, माझी काउंटरवरची उत्तरं

शाळा सुरू झाल्या, डोळे तपासणीच्या चिठ्ठ्या घरोघरी आल्या आणि आपल्याकडे पत्रांचा ढीग. एक आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, इंदुरात चष्म्याच्या काउंटरवर बसून पंचवीसेक वर्षं लहान मुलांचे चष्मे बसवतेय. औषधाचं, ऑपरेशनचं डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न: ताई, माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. फोटोत तिचा डावा डोळा आत गेल्यासारखा दिसायचा, सासूबाई म्हणायच्या लहानपणी असतं, जातं आपोआप. शेवटी दाखवलं तर उजव्याला प्लस 4 आणि डाव्याला प्लस 6! तीन दिवस मलम घालून नंबर काढला. चष्मा आणून आठ दिवस झाले, पण दहा मिनिटं ठेवत नाही, फेकते, म्हणते यातून दिसतच नाही. आणि मला तर वाटतं चष्मा काढला की डोळा आधीपेक्षा जास्त आत जातो. घरात सगळे म्हणतायत, एवढीशी पोर, सात-आठ वर्षांची झाली की बघू, मुलीची जात आहे. काय करू? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर: अगं, ते "सात-आठची झाली की बघू" आधी डोक्यातून काढ. बाळाचा डोळा जन्मतः साधारण 17 मिलिमीटर लांब असतो आणि मोठ्या माणसाचा 24 च्या आसपास, आखूड डोळ्याला प्लस नंबर लागतो, म्हणून लहानपणी थोडा प्लस सगळ्यांनाच असतो, पण तिचा जरा जास्तच आहे. एवढा प्लस असला की पोर नीट दिसावं म्हणून डोळ्यातला स्नायू सारखा आवळून धरते आणि तो आवळला की डोळे आतल्या बाजूला वळतात, म्हणून तो तिरळेपणा. चष्मा ते ओझं स्वतःवर घेतो, स्नायू सैल पडतो, बऱ्याच मुलांचा डोळा चष्मा घातल्यावर सरळ होतो. मग चष्मा काढला की ती परत जोर लावते आणि आता तू सरळ डोळा बघितलेला असतोस म्हणून वाकडा जास्त डोळ्यात भरतो. चष्म्यानं डोळा वाकडा झाला असं सगळ्याच आयांना वाटतं, मी रोज ऐकते.

दुसरी गोष्ट डाव्या डोळ्याची. त्याचा नंबर जास्त, तिथून चित्र धूसर येतं, मग मेंदू काय करतो, उजव्यावर काम भागवतो आणि डाव्याचं ऐकणंच सोडून देतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. डोळा आतून धडधाकट असतो, पण वेळेवर चष्मा लावला नाही तर पुढे कितीही भारी काच दिली तरी त्याला पूर्ण दिसत नाही. हे सुधारायचं वय सात-आठपर्यंत सगळ्यात चांगलं, म्हणजे घरातले नेमकं तेच वय वाया घालवायला सांगतायत. डॉक्टर उजव्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगतील कदाचित, किती तास ते तेच ठरवतील, कित्येक मुलांना दिवसाचे 2 तासही पुरतात. पट्टी कातडीला चिकटवायची, चष्म्याच्या काचेवर नाही, कारण पोरं बाजूनं डोकावतात, फार हुशार असतात. आणि मुलीची जात म्हणणाऱ्यांना विचार, तिरळा डोळा चालेल का मग?

आता "दिसत नाही" म्हणते ते. खरंच सांगते ती, खोटं नाही. वर्षानुवर्षं आवळलेला स्नायू एका दिवसात सैल होत नाही, तोवर प्लस काचेतून लांबचं धूसरच दिसतं, आठ-पंधरा दिवस लागतात. त्याहून जास्त लागले तर डॉक्टरांना सांग, कधीकधी ते थोडे दिवस परत तेच स्नायू सैल करणारं मलम देतात, म्हणजे चष्म्याशिवाय दिसतच नाही आणि पोर आपणहून चष्मा मागते.

पण त्याआधी माझ्यासाठी एक काम कर, तिला समोर बसव आणि बाजूनं बघ, ती काचेतून बघते की काचेच्या वरून. दहातल्या निम्म्या हट्टी पोरांचा हट्ट मी नाकावर बघितलाय. आपल्या मुलांचं नाक चपटं असतं, मोठ्यांच्या फ्रेमची छोटी कॉपी तिथे टिकत नाही, घसरते, पोर वरून बघते आणि इतक्या पैशाची काच हनुवटीकडे बघत बसते. घरचे युनिफॉर्मसारखा वाढत्या अंगाचा चष्मा घेतात ना, दोन वर्षं चालेल म्हणून, तिथेच घोटाळा. बुबुळ काचेच्या मधोमध यायला पाहिजे. प्लस 6 च्या काचेत मध्यभाग पाच मिलिमीटर सरकला तरी डोळ्याला नको ते वळण पडतं आणि पोर चष्मा फेकते. म्हणून पीडी, म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर, तिच्या डोळ्यांचं मोजून घे, अंदाजानं नको. काडी कानामागे रुतते का, पापण्या काचेला लागतात का, नाकावर लाल वळ पडतो का, हे बघून फिटिंगला परत घेऊन जा. चांगला दुकानदार यासाठी पैसे मागत नाही. मागे दोरी किंवा रबरी पट्टा लाव, काच पॉलिकार्बोनेटचीच (सहजी न फुटणाऱ्या प्लास्टिकची) घे, साधी काच या वयात नको, फुटली तर डोळ्यात जाते.

घरी सकाळी दात घासले की चष्मा, झोपताना काढायचा, मध्ये वाद नाही. तिला आवडतं ते, चित्रं, गोष्ट, जे काय असेल, ते चष्मा असला तरच. रागवून होत नाही, मी बघितलंय. एक आजोबा तर नातीबरोबर महिनाभर बिनकाचेची फ्रेम घालून दुकानात येत होते. महिन्यानंतर तिनंच त्यांना सांगितलं, आता काढा, तुम्हाला शोभत नाही.

प्रश्न: मुलगा 7 वर्षांचा, मायनस सव्वा नंबर निघाला. आई बादाम-सौंफ-मिश्री आणि गाजराचा रस सुरू करतेय, म्हणते वर्षात नंबर उतरेल. चष्मा थोडा कमी नंबरचा दिला तर नंबर वाढत नाही असंही ऐकलं. (लोकमान्यनगर)

उत्तर: दादा, आईंना देऊ द्या, बादाम चांगलेच असतात, फक्त नंबर उतरायची वाट बघू नका. मायनस म्हणजे डोळा लांबीला जास्त वाढलाय, गाजरानं तो आखूड होत नाही. गाजरातल्या व्हिटॅमिन ए ची गरज असतेच, त्याच्या कमतरतेनं रातांधळेपणा येतो, पण ती वेगळी गोष्ट. कमी नंबर देण्याचंही उलटंच निघालं, 2002 साली मलेशियातल्या अभ्यासात मुद्दाम कमी नंबर दिलेल्या मुलांचा नंबर पूर्ण नंबरवाल्यांपेक्षा जास्त वाढला. पूर्ण नंबर घाला, दर सहा महिन्यांनी तपासा, आणि नंबर भराभर वाढत असेल तर डॉक्टर कमी ताकदीचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब देतात, त्याबद्दल विचारा. दिवसाला दोनेक तास उघड्यावर उन्हात खेळू द्या, नंबर लागायचंच त्यानं कमी होतं असं दिसलंय, लागलेल्यांनाही तोटा काहीच नाही. मेघदूत बागेत न्या, गच्चीवर न्या, कुठेही, फक्त बाहेर बसून मोबाइल नको.

प्रश्न: कॉम्प्युटरवर दोन मिनिटांत नंबर निघतो, मग औषध घालून तीन-तीन दिवस कशाला? मलमानं नातीचा चेहरा लाल झाला, घाबरलो. (एक आजोबा, देवास)

उत्तर: काका, लहान मूल मशीनमध्ये बघताना डोळा आवळतं, म्हणून प्लस कमी आणि मायनस जास्त येतो, औषधानं तो स्नायू थांबतो आणि डॉक्टर छोट्या प्रकाशाच्या यंत्रानं खरा नंबर बघतात, नातीला अक्षर वाचता यायचीही गरज नाही. मलमानं चेहरा लाल होणं, तोंड कोरडं पडणं, थोडा ताप, असं होतं, पण ताप जास्त असेल किंवा मूल विचित्र वागत असेल तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांना सांगा. घालून झालं की हात धुवा, तुमच्याच डोळ्याला लागलं तर तुम्हाला पेपर वाचता येणार नाही. बुबुळ मोठं राहणं आणि उजेड न सोसणं पंधरा दिवसही टिकतं, त्या दिवसांत टोपी घाला.

प्रश्न: रंगपंचमीच्या गेरीत (रंगाच्या मिरवणुकीत) चष्मा काढू की ठेवू? (राजवाड्याजवळून)

उत्तर: ठेव, दोरी बांधून, जुनी जोडी असेल तर तीच, रंग डोळ्यात जाण्यापेक्षा काचेवर बरा. नंतर फ्रॉकला पुसू नकोस, पॉलिकार्बोनेटला चरे लगेच पडतात. नळाखाली धर, साबणाचा एक थेंब, मऊ कापड.