व्हाळातले मासे, घरातली टाकी

प्रश्न : आमच्या घरामागे व्हाळ (छोटा ओढा) आहे. मुलगा सहावीत शिकतो. पहिल्या पावसात शेतात चढलेले मासे त्याने बादलीत आणून ठेवले, सकाळपर्यंत सगळे मेले. आता त्याला फिशटँक हवा आहे, पण 'आपल्याच माशांचा'. जमेल का?
– एक आई, कुडाळ

उत्तर : जमेल, ताई. गोल्डफिश सोडून पोरगा व्हाळातले मासे मागतोय, म्हणजे त्याची नजर चांगली आहे. पण चढणीचे मासे नकोत. ते शेतात येतात अंडी घालायला. गाबोळीने भरलेली मादी उचललीत तर पुढच्या वर्षीचे मासेही तिच्याबरोबर गेले. पाऊस सरू दे, पाणी निवळू दे, दिवाळीच्या सुमारास बघा.

तोवर टाकी तयार करा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं. छोट्या माशांना पुरे. गोल भांडं नको म्हणजे नकोच. तळाला धुतलेली बारीक खडी, एखादा चिऱ्याचा तुकडा (लाल माती सुटायची थांबेपर्यंत घासा) आणि व्हाळातलीच हायड्रिला. प्लास्टिकचे किल्ले आणि निळी खडी दुकानदाराकडेच राहू द्या. नळाचं पाणी क्लोरीन उडण्यासाठी दिवसभर उघडं ठेवा. विहीर असेल तर उत्तमच, कोकणातलं मऊ पाणी या माशांच्या सवयीचं.

आता घाई करायची नाही. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तोच त्यांना मारतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट थोडं असेल तर चालतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात रुजायला तीन ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस मासे न सोडता फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. पुढे स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. मुलाच्या बादलीत मात्र गर्दीने प्राणवायूच संपला असणार.

मासे कोणते? संथ डोहाच्या काठाला मुलाला गप्प उभं करा. अगदी वरच्या थरात, डोक्यावर चमकता ठिपका घेऊन थांबलेला सडपातळ मासा दिसेल, तो पँचॅक्स. डासांच्या अळ्यांवर तुटून पडतो. माझा लाडका, पण उड्या मारण्यात पटाईत. माझ्या पडवीतल्या टाकीवर मी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधलाय. त्याचं एक जोडपं, अंगावर काळा ठिपका असलेल्या छोट्या बार्बचा सहाचा थवा, तळाला दोन मुऱ्या (मिशा असलेले लांबट छोटे मासे). बस्स. पँचॅक्सच्या तोंडात मावतील इतकी बारीक पिल्लं सोबत नकोत.

खळाळत्या पाण्यात दगडांना धरून राहणारे मासे मात्र तिथेच असू द्यात. त्यांना लागणारं गार, वाहतं पाणी एप्रिलच्या उकाड्यात तुम्ही कुठून देणार? आणि आंबोलीच्या हिरण्यकेशीकडे तर जाळं वळवूच नका. तिथला शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा २०२० मध्ये शास्त्राला नव्याने कळला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. कुठल्याही अभयारण्यातूनही मासे आणायचे नाहीत.

दुकानातला मासा नकोसा झाला तर व्हाळात सोडू नका. हे मुलाला आधीच सांगा.

प्रश्न : पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, जवळ ओढा म्हणजे गटारच. देशी मासे म्हणून गप्पी आणू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : गप्पी दक्षिण अमेरिकेतला हो! हिवतापाच्या मोहिमेत वाटतात म्हणून घरचा वाटतो. गच्चीवरच्या हौदात ठेवा, नदीत नको. दुकानात झेब्रा डॅनियो, रोझी बार्ब मिळतात. पुण्याचे नसले तरी भारतातले. ग्लासफिशही देशी, पण गुलाबी-हिरवे पट्टे असलेले घेऊ नका. तो रंग सुईने टोचून भरलेला असतो. 'मिस केरळ' ही मासोळी दिसायला देखणी, पण केरळच्या नद्यांत ती धोक्यात आलीय. संवर्धन केंद्रात वाढवलेली आहे अशी खात्री पटली आणि घरात चार फुटी टाकी असली, तरच घ्या.

प्रश्न : मरळीचं पिल्लू मिळालंय. बार्बबरोबर ठेवू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी बार्ब संपतील, मग टाकी अपुरी पडेल. मरळ हवेतला श्वास घेते, त्यामुळे झाकण ढकलून बाहेर पडली तरी बराच वेळ जमिनीवर फिरत राहते. जिथून आणलंत तिथेच, आजच सोडा.