यंत्राआधी प्रश्न ठरव
आयसीपी-एमएस (अतितप्त आर्गॉनच्या प्लाझ्मात नमुन्याचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र, एक प्रकारचा मास स्पेक्ट्रोमीटर) हाताशी आलं की सगळे नमुने त्यातच घालावेसे वाटतात. तसं करू नकोस. फक्त तांबं किंवा जस्त मोजायचंय, तेही पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग), तर ज्योतीचं अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शन (ज्योतीतले अणू किती प्रकाश शोषतात ते मोजणं) पुरतं, आणि काम पटकन होतं. युरेनियम-शिसे पद्धतीने खडकाचं वय काढायचं असेल तर समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचं) गुणोत्तर लागतं. तिथे मास स्पेक्ट्रोमीटरच हवा.

आर्सेनिकचं नीट समजून घे, नवे लोक हमखास इथेच अडकतात. त्याचा स्थिर समस्थानिक एकच, वस्तुमान ७५. प्लाझ्मातला आर्गॉन-४० आणि नमुन्यातला क्लोरीन-३५ जोडले गेले की तेही ७५! त्यामुळे खाऱ्या पाण्यात किंवा लघवीत नसलेलं आर्सेनिक दिसू लागतं. म्हणून शक्यतो नायट्रिक आम्ल वापर, हायड्रोक्लोरिक टाळ आणि कोलिजन सेलमध्ये (यंत्रातल्या ज्या कप्प्यात आयन वायूवर आदळतात तिथे) हेलियम सोड. आर्गॉन-क्लोरीनसारखे जोडआयन आकाराने मोठे, हेलियमवर जास्त वेळा आदळून ऊर्जा गमावतात आणि मागेच अडवता येतात. सगळेच अडतील असं मात्र धरून चालू नकोस. आर्सेनिक न घातलेलं क्लोराइडचं द्रावण चालवून आकडा किती येतो ते आधी बघ.

ब्लँक (नमुना न घालता बाकी सगळं तसंच करून बनवलेलं द्रावण) प्रत्येक बॅचमध्ये हवाच. बोरॉन मोजताना बोरोसिलिकेट काचेची भांडी लांब ठेव, प्लास्टिकची घे.