जर्मनीत स्पिंडल रिपेअरला यायचं म्हणतोयस, त्याबद्दल

भावा, तू विचारलंस की भोसरीत स्पिंडल (मशीनमधला टूल फिरवणारा मुख्य शाफ्ट) रिपेअरला आहेस, स्टुटगार्टकडच्या एका शॉपची ऑफर आलीय, बायको आणि दुसरीतल्या मुलीला घेऊन यावं का. २०२४ ला महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्गशी (स्टुटगार्टचं राज्य) कुशल कामगार पाठवायचा करार केला तेव्हापासून बरेच जण विचारतात, पण तुझं वाचून मला माझंच सगळं आठवलं, म्हणून जरा लांब लिहितोय. व्हिसा, पगार, इन्शुरन्स सरकारी माहितीत मिळेल, ते सोडतो.

कामाचं आधी. आपल्याकडे लाइन थांबलेली असते, कस्टमरचा माणूस डोक्यावर उभा, रात्रीतून स्पिंडल खोलायचा, बेअरिंग टाकायचं, डायल लावून रनआउट (फिरताना किती हलतो ते) बघायचा, सकाळच्या शिफ्टला मशीन चालू. इथे स्पिंडल शॉपमध्ये आल्या आल्या खोलतच नाहीत. आधी ३०० मिमीचा मँड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) लावून रनआउट, मग टूल किती जोराने धरतो तो क्लॅम्पिंग फोर्स (एचएसके-ए६३ मापाच्या टूलहोल्डरला साधारण १८ किलोन्यूटन, आतल्या डिस्क स्प्रिंग तुटल्या असतील तर इथेच पकडलं जातं), मग व्हायब्रेशन, फोटो. खोलल्यावर जुनं बेअरिंग भंगारात टाकायच्या आधी रेस (बॉल ज्यावर फिरतात ती कडी) बघून कारण लिहायचं, कुलंट आत गेला का, सीलिंग एअर (कुलंट आत येऊ न देणारी हवा) बंद होती का, क्रॅशमुळे बॉलचे ठसे उमटलेत का. कारण न शोधता नवीन सेट टाकला तर तोच स्पिंडल परत येतो हे तुलाही माहितीय, फक्त तिकडे शोधायला वेळ कोण देतो. ग्रीसवाला स्पिंडल असेल तर टेंपरेचर बघत टप्प्याटप्प्याने आरपीएम वाढवत रन-इन करायचा, त्यात कितीही तास जाऊदेत, कोणी ओरडत नाही. हे मला मनापासून आवडलं, आजही आवडतं.

पण तिथवर पोचायला फार वेळ गेला. माझं आयटीआयचं सर्टिफिकेट न्यूरेंबर्गच्या आयएचके फोसाकडे (परदेशी सर्टिफिकेट तपासणारं ऑफिस) गेलं, अर्धीच मान्यता मिळाली, बाकीचं अनुभवावरून दाखवा म्हणाले, तर जुन्या मालकाच्या लेटरमध्ये एकच ओळ, 'काम व वर्तणूक समाधानकारक'. ड्रॉबार (टूल ओढून धरणारा दांडा), बॅलन्सिंग, टेपर ग्राइंडिंग, कशाचाही उल्लेख नाही. नवीन लेटर मागितलं तर ते फोनच उचलेनात. म्हणून तू राजीनामा द्यायच्या आधी, चहा पाजून का होईना, कोणते स्पिंडल, कोणतं काम, किती वर्षं, हे सगळं लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी घे. पूर्ण मान्यता मिळेपर्यंत मला खोलणं आणि धुणं एवढंच दिलेलं. स्पेसर घासून मायक्रॉनमध्ये प्रीलोड (बेअरिंगवरचा आधीच दिलेला दाब) जमवणारा माणूस मी, आणि बाजूचा शिकाऊ पोरगा बेअरिंग बसवताना त्यावरच्या व्ही खुणा जुळवतोय आणि मी रॅग घेऊन उभा. तो अपमान अजून गेलेला नाही, आणि मी घरी आईला कायम 'मस्त चाललंय' असंच सांगितलं.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. रविवारी दुकानं बंद असतात तेव्हा जास्त असतो. मराठी मंडळ आहे, गणपतीला भेटतात. पुढे जाऊ.

शाळेचं मात्र नीट वाच. इथे चौथीतच शिक्षक सांगतात की मूल गिम्नाझियमला (युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा) जावं की रेआलशुलंला (दहावीपर्यंतची शाळा). आमची मुलगी तिसरीत आली, गणितात वर्गात पुढे, पण जर्मन कच्चं, तर बाईंनी रेआलशुलं लिहिलं, 'तिच्यावर ओझं नको' म्हणाल्या. तेव्हा शेवटचा शब्द आईबापाचा असायचा, तरी आम्ही बाईंचं ऐकलं. रस्ता बंद होत नाही, दहावीनंतर तीन वर्षांचं बेरुफ्लिषेस (व्यवसायाकडे झुकलेलं) गिम्नाझियम करून आबिटूर (युनिव्हर्सिटी प्रवेशासाठीची परीक्षा) देता येते, ती तेच करेल. पण एक मूल दीड वर्षात भाषा किती शिकलं यावरून त्याची अक्कल मोजतात याचा मला आजही राग येतो, आणि तो मी बायकोसमोर कधी काढलेला नाही, कारण यायचा हट्ट माझा होता. आता तर नियम अजून कडक झालेत, शिक्षकांचं मत आणि चौथीची कॉम्पास ४ परीक्षा दोन्ही विरोधात गेल्या तर तुझ्या इच्छेवर गिम्नाझियम मिळत नाही, पोटेन्शियल टेस्ट पास व्हावी लागते. तुझी दुसरीत आहे, म्हणजे उशीर नको. तू आधी ये आणि त्यांना वर्षभराने आण असं कंपनी सुचवेल, घर मिळत नाही म्हणून, तर नाही म्हण. एका खोलीत राहा पण तिला लगेच आण, आणि जर्मनचा क्लास तिकडे आजच लाव, तुझ्या आधी तिला.