आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेलाय, आता ऑपरेशनचा काही उपयोग आहे का?

तुमच्या वडिलांना कोलनचा कॅन्सर आहे, सीटीत लिव्हरमध्ये ४ गाठी दिसल्यात आणि नातेवाईक म्हणतायत की स्टेज ४ आहे, आता कशाला चिरफाड. माझं म्हणणं, लिव्हरच्या सर्जनने रिपोर्ट बघितल्याशिवाय कुणाचंही ऐकू नका. आमच्या दादाचं अगदी हेच होतं म्हणून इतकं ठामपणे सांगतेय.

आतड्यातलं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी लिव्हरमध्येच जातं, त्यामुळे हा कॅन्सर पसरला की बऱ्याचदा पहिल्यांदा तिथेच जातो आणि काही जणांत तिथेच थांबलेला असतो. अशांच्या सगळ्या गाठी पूर्ण निघाल्या तर ५ वर्षांनी १०० पैकी साधारण ४० जण हयात असतात, स्टेज ४ साठी हे खूप आहे हो.

पूर्वी गाठी किती यावर ठरायचं, आता बघतात ते सगळं काढल्यावर चांगलं लिव्हर किती उरणार. निरोगी असेल तर २०-२५ टक्के पुरतं, केमो बरीच झाली असेल तर ३० तरी लागतं. दादाच्या वेळी सर्जननी कॉम्प्युटरवर सीटीच्या एकेका चित्रात उरणाऱ्या भागाभोवती रेघ ओढून आम्हाला मोजून दाखवलं, ते कमी पडत होतं, मग जी बाजू काढायची तिकडची पोर्टल व्हेनची शाखा सुईतून आत जाऊन बंद केली, काही आठवड्यांत दुसरी बाजू वाढली आणि मग ऑपरेशन झालं. लिव्हर असं वाढतं हे डोळ्यांनी बघितलं नसतं तर मला खरं वाटलं नसतं!

छोट्या, ३ सेंमीपर्यंतच्या गाठी कधी कधी न कापता जाळताही येतात.

केमो सुरू व्हायच्या आधीच सर्जनला दाखवा, हे फार महत्त्वाचं. केमोने गाठ सीटीत दिसेनाशी झाली की घरात पेढे वाटावेसे वाटतात, पण पेशी पुष्कळदा तिथेच असतात आणि मग सर्जनला नेमकं कुठून काढायचं तेच कळत नाही, शिवाय जास्त केमोने लिव्हरही दमतं.

ऑपरेशननंतरही अर्ध्याहून जास्त पेशंटमध्ये कॅन्सर परत येतो, हेही सांगायला हवं. पण पुन्हा लिव्हरमध्येच आला तर काहींचं दुसरं ऑपरेशनही होतं. आणि पोटात सगळीकडे पसरला असेल तर सहसा ऑपरेशन करत नाहीत, औषधांवरच भर देतात.

सीटीचा नुसता कागद नको, सीडी घेऊन जा, आणि लिव्हरचा एमआरआय, तसंच आरएएस, एमएसआय (कोणतं औषध लागू पडेल ते कळायला कॅन्सरच्या तुकड्यावर करतात त्या जीन्सच्या तपासण्या) या टेस्ट झाल्यात का ते आधी विचारा.