बांबू शार्क नेमकी कुठे राहते? घरच्या टाकीत पाळता येईल का?

टाकीचं नंतर बघू. आधी शार्कबद्दल, कारण तिच्यावरून आमच्या आजोळी जुनं भांडण आहे.

आपल्या किनाऱ्यावरची करडी बांबू शार्क उथळ पाण्यात, तळाशी राहते. दिवसा खडकाच्या कपारीत पडून असते, रात्री नाकाजवळच्या दोन मिशांनी तळ चाचपत कोळंबी, खेकडे, बारके मासे शोधते. शार्क पोहायची थांबली की मरते म्हणतात, ते हिला लागू नाही. ही तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडते, पडल्या जागी श्वास चालू.

तर, मालवणला रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, एकदा काळ्या पट्ट्यांचं वीतभर पिल्लू आलं, आणि शेवाळाच्या गुंत्यात अडकलेली चपटी, तपकिरी, चामड्यासारखी पिशवी. मी म्हटलं, शार्कचं अंडं. मामा हसले, "खुळो की काय तू? मोरी पोरां घालता!" मोरी म्हणजे आमच्याकडे शार्क, आणि ती पिल्लंच घालते असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही खरं. बाजारातली, मटणासारखी रश्श्याला जाणारी छोटी मोरी पोटात नाळेवर पिल्लं वाढवते, आणि मामींनी कापताना ती पाहिलेली. पण एक मोरी करते म्हणून सगळ्यांनीच करायचं? पिशवी उन्हाकडे धरली. आत पिवळा बलक, त्याला चिकटलेलं दोरीएवढं पिल्लू, शेपटी सारखी वळवळतेय. मामांनी डोळा लावला आणि म्हणाले, "किडो असतलो." मी ती परत पाण्यात सोडली.

बांबू शार्कच्याच एका बहीण-जातीवरचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. अंड्याजवळ शिकारी माशासारखं विजेचं क्षेत्र तयार केलं, तर आतल्या पिल्लाने कल्ले हलवणं थांबवलं, अगदी चिडीचूप. किडा करतो का असं, मामा?

आता टाकी. नको. विकणारा पट्टे दाखवून पिल्लू गळ्यात मारतो. वयाबरोबर पट्टे पुसट होतात, मासा मात्र पाऊण मीटरच्या आसपास जातो. तीन फुटी काचेत तो वळणार कसा? खारं पाणी, त्याचा खर्च वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

हो, दात बारीक असले तरी हातात धरलीत तर चावू शकते. आणि पश्चिम किनाऱ्यावर अरबी बांबू शार्कही मिळते, त्यामुळे रापणीतलं पिल्लू कुठलं हे मी शपथेवर सांगणार नाही. पण अंडी दोघीही घालतात.